हरीणच का?

"मॅडम, मुलगा बोलतच नाही हो आमच्याशी." महिन्यातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतं. गेल्या पावसाळ्यात ते बँकेतल्या एका अधिकाऱ्यांच्या तोंडून आलं. मुलगा दहावीतला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

निमित्त सिनेमाचं. एका शनिवारी मुलगा आपणहून म्हणाला, "बाबा, बसता का?" टीव्हीवर 'हॅरी पॉटर अँड द प्रिझनर ऑफ अझकाबान' लागला होता, 2004 सालचा, मालिकेतला तिसरा. आधीचे दोन यांनी पाहिलेले नव्हते. संपल्यावर यांनी निकाल जाहीर केला: "सगळा अंधार. आणि शेवटी काय, तर वाळूचं घड्याळ तीनदा फिरवलं की काळात मागे जाऊन झालं गेलं निस्तरता येतं! दोन तास बावीस मिनिटं गेली माझी." मुलगा उठला, खोलीचं दार लावून बसला. तेव्हापासून घरात "हं" आणि "नको", एवढंच.

"मग काय खोटं बोलायला हवं होतं?" त्यांनी मला विचारलं.

मुळीच नाही. पहिल्या दोनांपेक्षा हा सिनेमा काळोखा आहेच, आणि गोष्टीत मधूनच शिरलेल्या माणसाला तो तुटक वाटणारच. मी म्हटलं, "मत राहू दे तुमचं. पण त्याने मत मागितलं होतं का?"

ते गप्प झाले. 'सोबत मागितली होती,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली.

थोड्या वेळाने म्हणाले, "तरी त्याने बोललंच पाहिजे ना?" मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे हट्टाच्या मागणीची साधी इच्छा करायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली, त्यामुळे माझा कान आधी त्या 'च'वर जातो. 'बोलला तर बरं वाटेल' म्हणणारा बाप दार वाजवतो, 'बोललाच पाहिजे' म्हणणारा लाथ घालतो. हा 'च' सैल करण्यात आमच्या दोन भेटी गेल्या.

मुलगा एकटा भेटला तेव्हा पाण्याच्या बाटलीवरचं चंदेरी हरणाचं स्टिकर नखाने खरवडत बसला होता. "त्यांना नाही आवडला, ठीक आहे. पण ते मार्क देतात," तो म्हणाला. मी पानभर लिहून जे सांगितलं असतं, ते पोराने दोन वाक्यांत सांगितलं.

मग दोघं एकत्र आले. वडिलांची नजर त्या बाटलीवर गेली. "हे त्या पिक्चरमधलंच ना? तळ्यावर चमकत येतं ते? मला एक कळलं नाही. हरीणच का? वाघ का नाही?"

हा 'च' मात्र मला चालला!

मुलगा हसला. "बाबा, ते पिक्चरमध्ये सांगितलेलंच नाही." आणि पोरगं सुटलं. हॅरीच्या वडिलांना हरणाचं रूप घेता यायचं, म्हणून हॅरीला वाचवणारी जादूही हरणाच्याच रूपात येते. तो जादूचा नकाशाही त्यांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनीच बनवलेला. पुस्तकात हे सगळं आहे, सिनेमाने गाळलं. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग आवाज खाली आला. "तळ्याकाठी हॅरी थांबलेला असतो, बाबा येतील म्हणून. ते तर कधीच वारलेले. कोणी येत नाही. मग त्याला कळतं, मघाशी आपणच आपल्याला वाचवलं होतं."

वडील बराच वेळ खाली बघत होते. "तो सीन मी पाहिला नाही. फोन बघत होतो."

"माहितेय."

मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत मला जमलेली ही एक गोष्ट, वेळेवर गप्प बसणं.

पालक विचारतात, मग आम्ही ती सातही पुस्तकं वाचायची का? वाचावीशी वाटली तर वाचा. पण चाहते असल्याचं सोंग आणू नका, मुलं ते लगेच ओळखतात. उलट तुम्हाला कळलेलं नाही, हेच तुमचं भांडवल. घरात एरवी सगळं तुम्हालाच कळत असतं. ही एक जागा मुलाची आहे, तिथे त्याला शिकवू द्या. फक्त प्रश्न खरा हवा. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न नव्हे, ती तोंडी परीक्षा झाली. आणि नाही आवडलं तर तसं सांगा, पण मुलाचं बोलून झाल्यावर.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. "पिक्चर अजूनही मला अंधाराच वाटतो हं, मॅडम. या शनिवारी चौथा आहे." मग जरा दबक्या आवाजात, "तो दोन तास सदतीस मिनिटांचा आहे."