हबल दुर्बीण दिवसभर केवळ छायाचित्रेच काढत असते का?

पणजीत दुर्बिणीतून शनी पाहून आलेल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रश्न आहे. उत्तर नकारार्थी आहे. छायाचित्रांइतकेच महत्त्वाचे काम उपकरणे पारखण्याचे असते.

हबल सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते आणि बहुतेक लक्ष्ये प्रत्येक फेरीत बराच वेळ पृथ्वीच्या आड जातात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग आडवे येतात, तिथे खुद्द पृथ्वीच आडवी येते! हा वेळ मात्र वाया जात नाही. झडप बंद ठेवून ‘डार्क’ प्रतिमा घेतल्या जातात, कारण अवकाशातील प्रारणांच्या माऱ्यामुळे संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर) प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे नवे बिंदू सतत तयार होत असतात आणि खऱ्या ताऱ्यांपासून ते वेगळे काढण्यासाठी त्यांची अद्ययावत नोंद अपरिहार्य असते. यांपैकी पुष्कळसे बिंदू घालवण्यासाठी साधारण महिन्यातून एकदा संवेदक तापवतात. हा उपाय मला फार मजेशीर वाटतो. तेजाचे माप तपासण्यासाठी जीडी १५३ सारखे स्थिर तेजाचे श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले लहान, तप्त गाभे) पुन्हा पुन्हा पाहिले जातात.

दक्षिण अटलांटिकवरील तीव्र प्रारणाच्या पट्ट्यातून जाताना निरीक्षण थांबवले जाते. हबलचे वेळापत्रक अमेरिकेतील बाल्टिमोर येथील ‘स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट’ ही संस्था आठवड्यागणिक आखते.

हबलची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे २८.५ अंश कललेली असल्यामुळे ही दुर्बीण गोव्याच्या अक्षांशावरूनही जाते आणि संध्याकाळी किंवा पहाटे योग्य वेळ साधल्यास मिरामारच्या किनाऱ्यावरूनही सरकत्या ठिपक्यासारखी दिसू शकते.