‘स्टेप चार्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराचा ‘स्टेप चार्ट’ पायथनमध्ये काढायचा आहे आणि अहवाल मराठीत लिहायचा आहे. स्टेप चार्टला ‘सोपानालेख’ म्हणावं का? आणि ‘पीसवाइज कॉन्स्टंट’साठी, म्हणजे एका तुकड्यात अजिबात न बदलणाऱ्या आणि पुढच्या तुकड्यात एकदम बदलणाऱ्या किमतीसाठी, ‘खंडशः स्थिर’ चालेल का?

सोपानालेख व्याकरणाने चोख आहे. सोपान अधिक आलेख, संधी नीट जुळतो, स्तंभालेखाच्या पंगतीत शोभतोही. पण सोपान म्हटलं की मराठी माणसाला ज्ञानदेवांचा धाकटा भाऊ आठवतो, जिना नाही. मी ‘पायरी-आलेख’ म्हणेन. पायरीसारख्या घरगुती शब्दाला संस्कृत आलेख जोडलेला काहींना खटकेल. मला नाही खटकत, कारण शब्द ऐकताच चित्र उभं राहतं: पाय ठेवायला सपाट जागा, मग एकदम चढ किंवा उतार.

‘खंडशः स्थिर’ मात्र वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल. ‘टप्प्याटप्प्याने स्थिर’ म्हणाल तर अर्थच फिरतो, दर हळूहळू स्थिरावला असं वाटतं. इथे ‘पुरता’ कामाला येतो. कामापुरता, वेळेपुरता, तसा ‘टप्प्यापुरता स्थिर’. टप्पा संपेपर्यंत हलणार नाही आणि त्यापुढची हमी नाही, हे दोन्ही त्या एका ‘पुरता’त आलं.

रेपो दर अगदी असाच वागतो. 22 मे 2020 रोजी तो 4 टक्के झाला आणि 4 मे 2022 रोजी थेट 4.40. हे दोन बिंदू साध्या रेषेने जोडले तर 2021च्या मेमध्ये दर 4.20च्या आसपास दिसतो. असा दर त्या काळात कधी नव्हताच! म्हणून पायरी हवी.

आता खरी गंमत. पायथनमध्ये आलेख काढायच्या मॅटप्लॉटलिब या साधनात पायरी-आलेखासाठी ‘स्टेप’ ही आज्ञा आहे. तिला पायरी कुठे पडावी हे सांगणारा ‘व्हेअर’ नावाचा पर्याय असतो: ‘प्री’, ‘पोस्ट’ किंवा ‘मिड’. ही नावं भल्याभल्यांना गोंधळात टाकतात, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर तेच उमगत नाही. मराठीत विचार केला की गुंता सुटतो. ‘पोस्ट’ म्हणजे पासून, ‘प्री’ म्हणजे पर्यंत. रेपो दर जाहीर झालेल्या तारखेपासून लागू, म्हणून ‘पोस्ट’. हवामान खात्याचा सकाळी साडेआठला नोंदवलेला पाऊस त्या वेळेपर्यंतच्या 24 तासांचा, म्हणून ‘प्री’. ‘मिड’साठी ‘सुमारास’ म्हणा: प्रत्येक किंमत आपल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना, शेजारच्या बिंदूच्या अर्ध्या वाटेपर्यंत पसरते.

हे नीट पाहिलंच पाहिजे, कारण काही न सांगितल्यास ‘प्री’ धरलं जातं. मग 4.40चा दर मागे सरकून 22 मे 2020पर्यंत जातो आणि 4 टक्क्यांची जवळजवळ दोन वर्षं आलेखातून गायब होतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही, चित्र तर देखणं येतं.

आलेखाखालची ओळही त्याच शब्दांत लिहा: ‘4 मे 2022पासून 4.40 टक्के’. नुसतं ‘4 मे 2022: 4.40 टक्के’ लिहिलं तर तो एका दिवसाचा आकडा वाटतो.

‘पोस्ट’मध्ये शेवटच्या ‘पासून’ला ‘पर्यंत’ मिळत नाही, त्यामुळे शेवटची पायरी सपाट उमटतच नाही. यादीच्या शेवटी आजची तारीख घालून तोच दर पुन्हा लिहावा लागतो. 2021मध्ये, मॅटप्लॉटलिबच्या 3.4 या आवृत्तीत, ‘स्टेअर्स’ ही वेगळी आज्ञा आली, ती प्रत्येक पायरीची दोन्ही टोकं आधीच मागते: दर जितके, त्याहून तारखा एकने जास्त.