वाचकांचे प्रश्न : पुनर्वसन इमारतीच्या नकाशात काय पाहावे?

प्रश्न : पूर्व उपनगरातील आमच्या वस्तीत एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) योजना आली असून बहुतेकांच्या संमत्या झाल्या आहेत. बैठकांत सारी चर्चा ३०० चौरस फुटांचे घर आणि बांधकाम होईपर्यंतचे भाडे यांभोवतीच फिरते. पुनर्वसन इमारतींत क्षयरोग वाढतो, असे संशोधन झाल्याचे कळले. त्यात तथ्य किती? आमच्या समितीने कशाचा आग्रह धरावा? — समितीच्या एक सदस्या, मुंबई

उत्तर : आपला रोख बहुधा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह केलेल्या आणि २०१८ साली प्रकाशात आलेल्या अभ्यासाकडे असावा. एम-पूर्व विभागातील (गोवंडी-मानखुर्द परिसर) लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींतील चार हजारांवर कुटुंबांची त्यात पाहणी झाली. पहिल्या दोन वसाहतींत शंभरांपैकी आठ ते दहा घरांत क्षयरोगाचा रुग्ण आढळला, तर पीएमजी कॉलनीत हे प्रमाण सुमारे एक होते. संगणकीय प्रारूपांच्या साहाय्याने ऊन आणि वारा यांचा हिशेब मांडल्यावर फरक दिसला तो इमारतींच्या मांडणीत. नटवर पारेखमध्ये आठ मजली इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे, त्यामुळे खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो आणि खिडकी उघडली तरी समोरच्याच्या मोरीचा वास तेवढा आत येतो.

या अभ्यासाचा अर्थ ताणू नये. क्षयरोग जंतूंमुळे होतो; दाटीवाटी, कुपोषण आणि अर्धवट सोडलेले उपचार यांचाही त्यात वाटा असतो, आणि अशा पाहणीतून केवळ इमारतीला दोषी ठरवता येत नाही. तथापि बंदिस्त हवेत जंतू अधिक काळ टिकून राहतात आणि ऊन व खेळती हवा यांनी त्यांचा जोर ओसरतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अभ्यासाने ते नकाशावर मोजून दाखवले. माझ्या मते त्याचे खरे महत्त्व यातच आहे, कारण नकाशा मंजुरीपूर्वी बदलता येतो, नंतर नाही.

हे असे का होते, तेही पाहिले पाहिजे. १९९५ पासूनच्या या योजनेत रहिवाशांना घर मोफत मिळते आणि विकासकाचा खर्च व नफा विक्रीच्या इमारतींतून निघतो. त्यामुळे पुनर्वसनाच्या इमारती भूखंडाच्या जितक्या लहान तुकड्यात बसतील तितका विक्रीसाठी भाग अधिक उरतो. त्यातच नियमावलीत दर हेक्टरी किमान ६५० सदनिकांची अट आहे आणि इमारतींमधील मोकळ्या अंतराबाबत सवलती आहेत. याचा अर्थ असा, की प्रत्येक नियम पाळूनही अंधारी इमारत उभी राहू शकते. म्हणून ‘नकाशा नियमानुसार आहे’ एवढ्या उत्तरावर समितीने समाधान मानू नये.

आग्रह धरायचाच तर आधी मांडणीच्या नकाशावर इमारतींमधील अंतर मीटरमध्ये लिहून मागा आणि त्याशेजारी इमारतीची उंची लिहा. त्यानंतर खिडक्या पाहा. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे मुंबईसारख्या शहरासाठी, घराच्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के क्षेत्र बाहेर उघडणारे असावे असे म्हटले आहे. आपल्या योजनेला ती संहिता लागू होवो वा न होवो, मोजपट्टी म्हणून ती हाताशी ठेवा. ३०० चौरस फुटांच्या घराला हे क्षेत्र सुमारे ५० चौरस फूट होते. चार फूट बाय चार फुटांची दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हिशेबात आठच चौरस फूट धरायचे. पॅसेजमध्ये उघडणारे दार तर धरायचेच नाही. अशी बेरीज केल्यावर नमुन्याचे घर कोठे बसते, हे सभेत सर्वांना समजेल. पॅसेजच्या दोन्ही टोकांना उघडी जागा आहे का, आणि संडास-मोरीच्या डक्टमध्ये (नळ जाणाऱ्या उभ्या पोकळीत) शिरून सफाई करता येईल का, हेही वास्तुविशारदाला विचारा.

प्रश्न : विकासक ‘हरित इमारत’ म्हणून जाहिरात करतो. मानांकन मिळाले म्हणजे घरे हवेशीर असतील ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तसे गृहीत धरू नये. ‘गृह’सारखी (GRIHA) हरित इमारतींची मानांकने पाणी, ऊर्जा, साहित्य अशा अनेक निकषांवर गुण देतात, त्यामुळे एका निकषातील उणीव दुसऱ्यात भरून निघू शकते. शिवाय मानांकन विक्रीच्या टॉवरला आहे की पुनर्वसनाच्या इमारतीलाही, हे प्रमाणपत्रावर पाहून घ्या. इमारत तिथे आधीच उभी असेल, तर मे महिन्यात दुपारी तिच्या पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या घरात पंखा बंद करून बसून पाहा.