झुझाना रुझिच्कोवा यांचा बाख : कौतुक वादनाचे की आयुष्याचे?

चेक वादक झुझाना रुझिच्कोवा यांच्या हार्पसिकॉर्डवरील (पियानोपूर्व काळातले, तारा छेडणारे कळफलकवाद्य) जर्मन संगीतकार बाखच्या ध्वनिमुद्रणांचे एवढे कौतुक होते, ते वादनासाठी की छळछावणीतून वाचलेल्या आयुष्यासाठी, असे तुम्ही विचारले आहे. शंका रास्त आहे, कारण त्यांच्यावरचे बहुतेक लेख आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीपाशीच रेंगाळतात. माझा कौल वादनाच्या बाजूने आहे. मात्र ते वादन तसे का घडले, हे आयुष्य वगळून सांगता येणार नाही.

चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्सेन शहरातल्या एका ज्यू कुटुंबात १४ जानेवारी १९२७ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे खेळण्यांचे दुकान होते. मुलीची बाखची ओढ पियानोच्या शिक्षिकेने हेरली आणि शाळा संपताच तिला पॅरिसला वांडा लान्डोव्स्का यांच्याकडे पाठवायचे ठरले; हार्पसिकॉर्डला विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणणाऱ्या त्या थोर वादक. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा देशात शिरल्या आणि तो बेत कायमचा बारगळला. १९४२ च्या जानेवारीत कुटुंबाची रवानगी तेरेझीनच्या नाझी छावणीत झाली, तिथेच वडील वारले, आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात मायलेकींना आउश्वित्झला नेण्यात आले. बाखच्या ई मायनर इंग्लिश स्वीट या नृत्यरचनांच्या मालिकेतला साराबांद हा भाग रुझिच्कोवा यांनी एका कागदावर उतरवून जवळ बाळगला होता. पुढे हॅम्बर्गमधली वेठबिगारी, मग बर्गेन-बेल्सेनची छावणी, आणि एप्रिल १९४५ मध्ये सुटका. परतल्या तेव्हा कष्टांनी हात इतके बिघडले होते, की ऐन उमेदीतली गेलेली वर्षे त्यांना दिवसदिवसभर रियाज करून भरून काढावी लागली.

आता वादनाकडे वळू. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आतले नखासारखे टोक तार छेडते; बोट जोराने पडो वा हळू, आवाज जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे एखादा सूर ठसवायचा तर तो किंचित उशिरा घ्यावा लागतो किंवा आधीचा थोडा लवकर सोडावा लागतो. रुझिच्कोवा यांची खरी हुकमत इथे आहे. साराबांद हे संथ, तीन मात्रांचे नृत्य. त्याचा भार बहुधा दुसऱ्या मात्रेवर येतो. त्या हा भार केवळ वेळेच्या सूक्ष्म ओढीने दाखवतात, आणि तरीही लय कुठे सैल पडत नाही. हे ऐकताना कागदाची कथा ठाऊक नसली तरी काही अडत नाही.

१९५६ च्या म्युनिकमधील संगीत स्पर्धेतील यशानंतर त्यांचे नाव देशाबाहेर झाले. १९६५ ते १९७४ या काळात त्यांनी एरातो या फ्रेंच कंपनीसाठी बाखच्या हार्पसिकॉर्डसाठीच्या सर्व रचना ध्वनिमुद्रित केल्या. एवढे काम त्यांच्याआधी कोणी पुरे केले नव्हते. मायदेशी मात्र कम्युनिस्ट सत्तेला हे वाद्य सरंजामी वाटे. त्यांनी आणि त्यांचे पती, संगीतकार व्हिक्टर कालाबिस, यांनी पक्षाचे सदस्यत्व कधीच घेतले नाही. राज्यकर्त्यांनी रुझिच्कोवा यांना परदेशी मैफली करू दिल्या, कारण त्यातून परकी चलन मिळे आणि त्यातला मोठा वाटा सरकार स्वतःकडे ठेवी. पण प्रागच्या संगीत अकादमीतले प्राध्यापकपद १९९० पर्यंत त्यांच्या वाट्याला आले नाही.

एरातोसाठीच्या या ध्वनिमुद्रणांच्या संचाविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. त्यांची बरीचशी वाद्ये विसाव्या शतकातल्या घडणीची, वजनदार आणि पायपट्ट्यांनी आवाजाचे थर बदलणारी आहेत. जुन्या वाद्यांच्या प्रतिकृतींना सरावलेल्या आजच्या कानाला त्यांचा नाद क्वचित खणखणीत, कोरडा वाटतो. गंमत अशी, की जुने संगीत त्या काळच्या वाद्यांवर वाजवण्याच्या चळवळीतले एक अग्रणी, ख्रिस्तोफर हॉगवुड, हे त्यांचेच शिष्य. अखेरच्या काळात हार्पसिकॉर्डवादक महान इस्फहानी हेही त्यांच्याकडे शिकले. २७ सप्टेंबर २०१७ रोजी प्रागमध्ये त्यांचे निधन झाले.

सगळा संच एकदम ऐकायला घेऊ नका. बाखच्या ‘क्रोमॅटिक फँटसी अँड फ्यूग’ या रचनेपासून सुरुवात करा, मग वर सांगितलेल्या इंग्लिश स्वीटकडे या. नादच रुचला नाही, तर बाख जरा बाजूला ठेवून त्यांनी वाजवलेले मार्टिनू आणि पूलँक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचे कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) ऐका. तिथे हाच भारदस्त नाद हवा असतो, कारण पूलँक यांनी आपला कॉन्चेर्तो लान्डोव्स्का यांच्या अशाच आधुनिक घडणीच्या वाद्यासाठी लिहिला होता.