गाळा नको, पावसाळ्याची तरतूद हवी

प्रश्न: माझे वय २६ आहे. नागपुरात दरमहा २६,००० रुपयांची नोकरी करून सुटीच्या दिवशी भिंतींवर चित्रे रंगवतो. गेल्या वर्षी ११ भिंती केल्या आणि ३,९०,००० रुपयांची बिले दिली. वेळेअभावी पाच कामे सोडावी लागली. बचत २,८०,००० रुपये आहे. नोकरी सोडून धरमपेठेत दरमहा १५,००० रुपये भाड्याचा, ९०,००० रुपये अनामतीचा गाळा स्टुडिओसाठी घ्यावा आणि त्याकरिता आईची ३ लाखांची मुदत ठेव मोडावी का?

उत्तर: तुम्ही दोन निर्णय एकत्र बांधले आहेत. नोकरी सोडण्याचा निर्णय आकड्यांवर टिकतो, गाळ्याचा टिकत नाही.

तुमच्या पत्रातील हिशेबानुसार ३,९०,००० पैकी १,४०,००० रुपये रंग, पुट्टी, परांचीचे भाडे आणि मदतनिसाच्या मजुरीवर गेले आणि ७०,००० रुपये अजून यायचे आहेत. म्हणजे वर्षभरात हाती आले १,८०,००० रुपये, महिन्याला १५,०००. गाळ्याचे भाडेही नेमके तेवढेच आहे. सोडलेली पाच कामे याच दराने मिळाली आणि सर्व वसुली वेळेवर झाली, असे उदारपणे धरले तरी खर्च वजा जाता वर्षाला सुमारे ३,६०,००० रुपये उरतील. घरखर्चातील तुमचा वाटा दरमहा १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये आहे. गाळा नसेल तर हा वाटा सहज निघतो. गाळा घेतला तर दरवर्षी ३६,००० रुपयांची तूट पडते. शिवाय तुमचे काम भिंतीवर होते, ग्राहकही भिंत पाहूनच येतो. रेखाटनांना घरातील एक खोली पुरेशी आहे, आणि नागपुरातच राहण्याचा खरा आर्थिक फायदा हे बिनभाड्याचे घरच आहे.

दुसरा प्रश्न हंगामाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्यावर तापलेल्या भिंतीवर दुपारी ब्रश चालत नाही, आणि जून ते सप्टेंबर ओल्या भिंतीवर रंग धरत नाही. नागपूरच्या महाल भागातील चितार ओळीतले मूर्तिकार गणपतीच्या आधीच्या कमाईवर पुढचे महिने काढतात. तुमचे वर्षही असेच, फक्त उलट्या हंगामाचे आहे. म्हणून राजीनामा सप्टेंबरअखेर द्यावा, म्हणजे कोरडे महिने लगेच हाती लागतील. बचतीतील १,०८,००० रुपये, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च, वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि रंगखरेदीसाठी त्यांना हात लावू नये. रंगाचा पैसा ग्राहकाकडूनच यायला हवा: ४० टक्के आगाऊ रक्कम आल्याशिवाय डबा उघडू नये, आणि पुट्टी व परांची कोणाची हे आधीच लिहून घ्यावे. संकोच वाटेल, पण थकलेले ७०,००० रुपये हा त्या संकोचाचाच हिशेब आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे. ती नवी कामे घेण्यापूर्वीच करावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला द्यायचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही, आणि लांबवल्यास व्याज लागते. ग्राहकाने बिलातून आधीच कापलेला आयकर, म्हणजे टीडीएस, विवरणपत्र भरून परत मागावा. सध्याच्या उत्पन्नावर तुम्हाला आयकर लागणार नाही, त्यामुळे ती रक्कम तुमचीच आहे. जीएसटी नोंदणीची २० लाखांची मर्यादा अजून दूर आहे. भविष्य निर्वाह निधी काढू नये. पाच वर्षांची सेवा पूर्ण नसेल तर ती रक्कम करपात्र ठरते.

आईची ठेव मोडू नये, हे वेगळे सांगायला नको. मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजही कमी मिळते आणि त्यांचा आधारही जातो.

नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमा संपेल, म्हणून स्वतःची पॉलिसी राजीनाम्यापूर्वीच सुरू करावी. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वार्षिक २० रुपये भरावेतच, परंतु ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरती आहे. परांचीवरून पडून मनगट मोडले आणि तीन महिने ब्रश धरता आला नाही, तर तिच्यातून काही मिळणार नाही. त्यासाठी तात्पुरत्या अक्षमतेत दर आठवड्याला भरपाई देणारा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा, आणि उंचीवरचे काम त्यात वगळलेले नाही, हे पॉलिसीत वाचून मगच सही करावी.