परवाना असलेलं पिस्तूल कमरेला लावून मतदानाला जाता येतं का?

नाही. परवाना असला तरी नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 134-ब हेच सांगतं: मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात कोणतंही शस्त्र घेऊन जाणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय शस्त्र जप्त होतं आणि परवाना रद्द झाल्याचं धरलं जातं. हौशी बंदूकवाल्यांना कैदेपेक्षा हेच जास्त झोंबेल! पिस्तूल फक्त खिशात होतं, बाहेर काढलंच नव्हतं, ही सबब चालत नाही. जवळ बाळगणंच पुरेसं आहे. सूट आहे ती निवडणूक निर्णय अधिकारी, केंद्राध्यक्ष, पोलीस आणि बंदोबस्तासाठी नेमलेल्यांना.

खरं तर तिथवर वेळ येऊ नये, कारण आचारसंहिता लागली की जिल्ह्यातली छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते आणि ज्यांना सांगितलं जाईल त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. गुन्हे दाखल असलेले, जामिनावर सुटलेले, पूर्वी दंगलीत नाव आलेले यांच्यावर आधी नजर जाते. बँकेच्या सुरक्षारक्षकांना सहसा यातून वगळतात. जमा केल्याची पावती मागून घ्या, निकालानंतर शस्त्र सोडवताना लागते.