बाईंना विचारा : ‘माय, मन्हं लगीन नको करू’

प्रश्न : बाई, आम्ही अमळनेर तालुक्यातले. सहा एकर कापूस आहे. थोरली लेक धरणगावला दिली. मुलगा २८ वर्षांचा, इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. गेल्या श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, रोटांना घरी आला होता. रात्री बायका गाणी म्हणत होत्या, तेव्हा मागच्या ओट्यावर माझ्याजवळ बसून म्हणाला, ‘माय, मन्हं लगीन नको करू.’ मी विचारलं, कोणी पाहून ठेवली का, जातीबाहेरची आहे का? तर म्हणे, पोरगी नाही, पोरगा आहे. मला पुढचं काही सुचलं नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, फक्त माझ्या भावाला सांगितलं. तो म्हणतो, लग्न लावून टाक, बायको आली की ताळ्यावर येईल. पारोळ्याचं एक स्थळ आहे, मुलगी डी.एड. झालेली, दिवाळीनंतर पाहायला जायचं चाललंय. भावाच्या ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, हार्मोनचा कोर्स करू, सहा महिन्यांत फरक पडेल. नेऊ का त्याला? यात पोलीस केस होते का? भाऊबंद वाळीत टाकतील अशी धास्ती वाटते. लहानपणी तो सारखा बहिणीच्या मागे मागे असायचा, मी कधी रागावले नाही. माझंच चुकलं का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मी पारोळ्याच्या स्थळापाशी अडले. म्हणून आधी त्या मुलीबद्दल बोलते.

१९९६ साली मी जळगावात शिकवत होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई रडत आली, पोरगा लग्नाला तयार नाही म्हणून. दोन दिवसांनी तो स्वतः आला. आत आला नाही, पायरीवरच बसला. म्हणाला, ‘बाई, तुम्ही आईला समजवा. त्या मुलीचं वाटोळं होईल.’ ताई, मला कळलं होतं. सगळं नाही, पण कळलं होतं. तरी मी माझ्याच नात्यातली मुलगी सुचवली आणि मांडवात पुढे होऊन अक्षता वाटल्या. चार वर्षं त्या मुलीने उपास केले, नवस केले. मूल नाही म्हणून तपासण्याही तिच्याच झाल्या. मग ती माहेरी आली आणि शिवणकाम करू लागली. एकदा माझं माप घेता घेता थांबली, टेप माझ्या खांद्यावर तशीच धरून म्हणाली, ‘मावशी, मला वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ मुलगा सुरतला निघून गेला. आईच्या तेराव्याला आला, तेवढाच. ही दोन आयुष्यं मी माझ्या हाताने बिघडवली, आणि त्याची माफी मागायला त्या मुलीकडे जायला मला सात वर्षं लागली.

तुमच्या भावाला हे वाचून दाखवा. पारोळ्याच्या घरी आजच नकार कळवा. कारण सांगायची गरज नाही, ‘मुलाचा सध्या विचार नाही’ एवढं पुरतं.

आता डॉक्टरांचं. नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. जो आजारच नाही त्याचा कोर्स कसला? समलिंगी माणसाला ‘बदलण्याचे’ असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर स्पष्ट केलं आहे. त्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होऊ शकते. औषधाची गरज तुमच्या मुलाला नाही. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर आधाराची गरज तुम्हाला आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या नंबरवर फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. ह्यांना सांगण्याआधी तिथे एकदा बोला.

पोलीस केस होत नाही. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम घातलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्यातून दोन सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध बाहेर काढले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते परत आत घातले, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली, तिच्यात तर ते कलमच नाही. तुमचा मुलगा कायद्यापुढे तुमच्या-माझ्याइतकाच सरळ माणूस आहे.

वाळीत टाकण्याची धास्ती मात्र खोटी नाही, आपल्याकडची भाऊबंदकी मला माहीत आहे. पण महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हाच गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि माणसं आपण समजतो तेवढी एकाच साच्याची नसतात. आपल्या जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला जागेवरचा अर्ज नाकारला गेला होता. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी मिळवली, आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिलं. (तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा मुलगा पुरुष आहे, त्याला पुरुष आवडतो, एवढंच. गावात कोणी घोळ घातला तर हे तुम्हाला सांगता यायला हवं.)

तुमचं काही चुकलेलं नाही. बहिणीच्या मागे फिरल्याने कोणी समलिंगी होत नाही, आणि रागावला असता तर तो तुमच्याजवळ ओट्यावर येऊन बसलाच नसता. पुण्यातून त्याला फोनवरही सांगता आलं असतं. त्याने रोटांचा दिवस निवडला, सगळं घर जमलेलं असताना तुम्हाला एकटीला गाठलं. ह्यांना सांगायची घाई करू नका, आणि मुलाला विचारल्याशिवाय तर अजिबात नको. भावाला त्याच्या परस्पर सांगितलंत, ते त्याला स्वतः सांगून टाका. आणि त्याच्या मित्राचं नाव विचारा. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ते कुठेच नाही.

तुमच्याकडे रोटांचं दळण घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढतात ना? पुढच्या श्रावणात त्याच्या नावाची मूठ काढताना हात थांबू देऊ नका.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा, धुळ्यात राहतो. आम्ही दोघं सहा वर्षं एकत्र आहोत, घरमालकासाठी ‘रूम पार्टनर’. मागच्या महिन्यात त्याचा अपघात झाला. दवाखान्यात विचारलं, नातेवाईक कोण? मी गप्प उभा राहिलो. त्याचा भाऊ शिरपूरहून येईपर्यंत मला कोणी काही सांगितलं नाही. आम्ही लग्न करू शकतो का?

उत्तर : बाळा, ते गप्प उभं राहणं वाचून मला फार लागलं. लग्नाची नोंद आज होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेवर सोडलं. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो आणि तो बदलावा असं मला मनापासून वाटतं. पण तोवर कागद करून ठेवा. समलिंगी जोडीदारांनी संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही, असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. बँकेत जाताना त्या पत्राची प्रत घेऊन जा, कारण काउंटरवरच्या माणसाला ते माहीत नसेल. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, त्यामुळे दोघांनी आपापलं मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, म्हणजे उद्या भावाने वाद घातला तर उपयोगी पडेल. दवाखान्यासाठीही त्याच्या सहीचं एक पत्र करून ठेवा, ‘माझ्या तब्येतीची माहिती यांना द्यावी’ असं. सगळीकडे मानतीलच असं नाही. वकिलाची फी जड वाटली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन कर.

(या सदराला अशी पत्रं छापू नका म्हणून मला दोन फोन आले. वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकात उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर १९३४ साली खटला झाला होता. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक १९५३ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. पत्रं पाठवत राहा. नाव घातलं नाही तरी चालेल.)